गाईच्या फोडांची पारख करणारे डॉक्टर एडवर्ड जेन्नर

नागोठणें, पेण व रोहें या बाजूच्या खेड्यांत आमचे जे वाचक राहतात त्यांपैकीं पुष्कळांच्या दारीं गाय किंवा म्हैस बांधलेली असते. पहांटेस उठून धार काढणें हें त्यांचें नित्याचें काम. जनावराच्या सडांवर कधीं कधीं फोड येतात, आणि थोड्याच दिवसांनीं धार काढणाराच्या बोटांवरही फोड उठतात. असें झालें म्हणजे घरांतील वडील माणसें भिऊन जातात, व ही देवी तर नव्हे ना असें एकमेकांस विचारूं लागतात. परंतु फोड म्हणून सारेच फोड एक नव्हेत. कोणता फोड कोणत्या जातीचा, कोणता घातक व कोणता आपोआप बरा होणारा, हें ओळखणें ही मोठी विद्या आहे. ज्या गृहस्थांनीं ह्या विद्येचा आरंभ केला, आणि तिच्या बळावर मनुष्यजातीच्या एका महाशत्रूचा नाश होण्याची वाट मोकळी केली, त्या डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

देवीचा रोग कसा होता हें आतांच्या तरुणांस ठाऊक नाहीं, व तें ठाऊक नसावें हीच आनंदाची गोष्ट आहे. ज्यांस तो होई त्यांपैकीं सुमारें शेंकडा ३० माणसें मरत. जीं वाचत त्यांच्या तोंडावर जन्मभर वण राहत, आणि कित्येकांचे डोळे जात. एकट्या विसाव्या शतकांत ह्या रोगानें सुमारें ३० कोटि माणसें नेलीं असा अंदाज आहे. आपल्या देशांत त्यास देवी हेंच नांव पडलें, कारण तो कोणा देवतेचा कोप होय असें लोक समजत. जें कोपानें आलें त्यास औषध कसें द्यावें, असें म्हणून पुष्कळ लोक टोचून घेण्यासही भीत. रोगाचें नांवच त्याच्यावरील उपायाच्या आड आलें.

जेन्नर यांचा जन्म ता. १७ मे १७४९ रोजीं इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत बर्कले ह्या लहानशा गांवीं झाला. हा प्रदेश सेव्हर्न नदीच्या कांठचा असून तेथें गाईगुरें व दूधदुभतें फार. त्यांचे वडील त्या गांवच्या मंडळीचे पाळक होते. नऊ भावंडांत एडवर्ड हे आठवे. ते पांच वर्षांचे असतांना आई व वडील हीं दोघेंही अगदीं थोड्या अंतरानें वारलीं, आणि मुलाचा सांभाळ त्यांच्या वडील भावानें केला.

त्या काळीं देवीपासून बचाव करण्याचा एक जुना उपाय चालू होता. देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील पू किंवा खपली घेऊन ती निरोगी माणसाच्या कातडींत टोंचीत. त्यामुळें बहुतकरून सौम्य देवी येऊन पुन्हां ती येत नसे. हिंदुस्थानांत, विशेषेंकरून बंगाल्यांत, ही चाल होती, तशीच चीन व तुर्कस्थान ह्या देशांतही होती. तुर्कस्थानांतून ती सन १७२१ च्या सुमारास इंग्लंडांत गेली. परंतु हा उपाय धोक्याचा होता. टोचलेल्यांपैकीं कांहीं दगावत, आणि ज्यास सौम्य देवी येई त्याच्यापासून शेजाऱ्यांस खरी भयंकर देवी लागे. एडवर्ड आठ वर्षांचे असतां त्यांस असेंच टोचण्यांत आलें. त्यापूर्वीं कित्येक दिवस त्यांस उपाशी ठेवून त्यांचें रक्त काढलें, आणि नंतर दुसऱ्या मुलांबरोबर एका तबेल्यांत कोंडून ठेविलें. ते वांचले, परंतु त्या दिवसांचा क्लेश त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास ते चिपिंग सॉडबरी गांवीं लडलो नांवाच्या शस्त्रवैद्याजवळ उमेदवार म्हणून राहिले. पुढें सन १७७० त लंडनास जाऊन त्यांनीं प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांच्याजवळ दोन वर्षें शिक्षण घेतलें. केवळ तर्क करीत न बसतां पाहावें, करून पाहावें, आणि मग बोलावें, ही हंटर यांची शिकवण होती, व ती शिष्याच्या अंगांत पुरती मुरली. त्याच सुमारास कॅप्टन कुक यांचें जहाज दूरच्या समुद्रांतून परत आलें. त्यावर आणलेल्या वनस्पति व प्राणी यांची जातवारी लावून मांडणी करण्याच्या कामीं सर जोसेफ बँक्स यांनीं जेन्नर यांचें साहाय्य घेतलें. दिसण्यांत सारख्या असणाऱ्या दोन वस्तु मुळांत निराळ्या असूं शकतात, आणि दिसण्यांत निराळ्या वस्तूंचें मूळ एक असूं शकतें, हा धडा त्यांस येथें मिळाला. पुढील सफरींत येण्याविषयीं त्यांस विचारण्यांत आलें होतें, परंतु तो मान सोडून ते सन १७७२ त आपल्या खेड्यांत परत गेले, व तेथेंच वैद्यकी करूं लागले.

खेड्यांत राहून विद्येचें काम होत नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा भाग लक्षांत ठेवावा. जेन्नर घोड्यावर बसून रोग्यांस पाहावयास जात, आणि जातां येतां पक्ष्यांची घरटीं पाहत. कोकिळ दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यांत अंडें घालते हें सर्वांस ठाऊक होतें, परंतु त्या घरट्यांतील मूळचीं पिल्लें कोठें जातात हें कोणास कळत नव्हतें. नुकतें जन्मलेलें, डोळेही न उघडलेलें युरोपांतील कोकिळेचें पिल्लूं आपल्या पाठीवरील खळग्यांत तीं अंडीं व पिल्लें घेऊन बाहेर लोटतें, असें जेन्नर यांनीं स्वतः पाहिलें व सन १७८८ त लिहून प्रसिद्ध केलें. पुष्कळांनीं त्यांस हंसण्यावारी नेलें. विसाव्या शतकांत चलच्चित्रें निघालीं तेव्हां तें अक्षरशः खरें असल्याचें सर्वांनीं पाहिलें. ह्या निबंधामुळें रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सभासद करून घेतलें. त्याच सालीं कॅथरिन किंग्सकोट ह्या बाईशीं त्यांचा विवाह झाला.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. त्या परगण्यांतील गवळी लोकांची अशी समजूत होती, कीं गाईच्या सडांवरील एका प्रकारच्या फोडांचा संसर्ग ज्यांस झाला त्यांस देवी येत नाहीं. ही समजूत जेन्नर यांनीं शोधून काढिली नव्हती. डॉर्सेट परगण्यांतील बेंजामिन जेस्टी ह्या शेतकऱ्यानें तर सन १७७४ त, देवीची सांथ आली असतां, गाईच्या फोडांतील लस सुईनें घेऊन आपल्या बायकोस व दोन मुलांस टोचली होती, आणि शेजाऱ्यांचे शिव्याशाप सोसले होते. मग जेन्नर यांनीं अधिक काय केलें? त्यांनीं गवळ्यांच्या बोलण्यास तुच्छ मानिलें नाहीं, आणि तें जसेंच्या तसें खरेंही मानिलें नाहीं. त्यांनीं तें तपासून पाहिलें.

तपासतां तपासतां एक अडचण पुढें आली. गाईपासून फोड आलेल्या कांहीं माणसांस पुढें देवी आलीच. त्यामुळें इतर डॉक्टर म्हणत कीं ही सारी खेडवळांची बाष्कळ समजूत होय. जेन्नर यांनीं पुष्कळ वर्षें गोठ्यांतून हिंडून, गाईंचे सड व गवळणींचे हात पाहून, असें ठरविलें कीं गाईच्या सडांवर येणारे फोड एका जातीचे नसतात. एक खरी गाईची देवी, व दुसरी तिच्यासारखी दिसणारी खोटी. खरी असेल तरच ती माणसास देवीपासून राखते, आणि तीही योग्य वेळीं घेतलेली लस असेल तर. फोड जुना होऊन पिकला म्हणजे त्यांतील गुण जातो. जनावरांपासून येणाऱ्या फोडांची जातवारी लावण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. आज आपणांस माहीत आहे कीं त्यांच्या खोट्या देवींपैकीं एक निराळ्याच कुळांतील विषाणूची असते, आणि तिच्यानें देवीपासून यत्किंचितही रक्षण होत नाहीं.

सन १७९६ च्या मे महिन्यांत सारा नेल्म्स नांवाच्या गवळणीच्या हातावर खऱ्या जातीचे फोड आले. ते तिला ब्लॉसम नांवाच्या गाईपासून लागले होते. ता. १४ मे रोजीं जेन्नर यांनीं त्या फोडांतील लस घेऊन जेम्स फिप्स ह्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन लहान चिरे पाडून त्यांत घातली. तो एका गरीब मजुराचा मुलगा होता. सातव्या दिवशीं त्याची कांख दुखूं लागली, नवव्या दिवशीं अंगांत थोडी हींव भरली, आणि दहाव्या दिवशीं तो खेळूं लागला. पुढें ता. १ जुलै रोजीं त्याच मुलास खऱ्या देवीची लस टोचली, आणि देवी आली नाहीं. आम्ही येथें हें सांगणें अवश्य समजतों, कीं असा प्रयोग आज कोणी केल्यास कायदा त्यास अडवील, आणि तें योग्यच आहे; लहान मुलाच्या जिवाचा त्यांत धोका होता. त्या काळीं देवीचें टोचणें घरोघर होत असे, म्हणून तें लोकांस विपरीत वाटलें नाहीं. फिप्स मोठा झाला, जेन्नर यांनीं त्यास राहावयास घर दिलें, आणि आपल्या वैद्याच्या अंत्यविधीस तो हजर होता.

ही हकीकत लिहून पाठविली असतां रॉयल सोसायटीनें ती स्वीकारिली नाहीं. जेन्नर खचले नाहींत व रागावलेही नाहींत. आणखी दाखले पाहिजेत हें जाणून ते पुन्हां कामास लागले. परंतु त्या सुमारास गाईंत तो रोगच नव्हता, म्हणून त्यांस सुमारें दोन वर्षें वाट पाहावी लागली. सन १७९८ च्या वसंत ऋतूंत तो पुन्हां आला. ह्या खेपेस एका मुलास गाईच्या फोडाची लस टोचून, त्याच्या हातावरील फोडांतून दुसऱ्यास, दुसऱ्याच्या फोडांतून तिसऱ्यास, अशी त्यांनीं माळ चालविली, आणि शेवटपर्यंत गुण टिकतो असें पाहिलें. म्हणजे प्रत्येक वेळीं गाय शोधण्याची गरज राहिली नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं २३ दाखल्यांचें एक लहान पुस्तक स्वतःच्या खर्चानें छापिलें. घोड्याच्या रोगापासून आलेली लस टोचलेला पांच वर्षांचा एक मुलगा पुढें गरिबांच्या आश्रयगृहांत दुसऱ्या एका तापानें मेला, आणि त्यामुळें त्याच्यावरील परीक्षा पुरी करतां आली नाहीं, ही गोष्टही त्यांनीं लपविली नाहीं.

ह्या घोड्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. जेन्नर यांचें असें मत होतें कीं गाईच्या देवीचें मूळ घोड्यांत आहे. घोड्याच्या खुरांजवळ एक ओला रोग होतो. त्याची मलमपट्टी करणारे गडीच पुढें गाईंची धार काढतात, आणि त्यांच्या हातांवाटे तो गाईंस लागतो, असें ते म्हणत. ह्या मतावर त्यांची पुष्कळ थट्टा झाली. पुढील वर्षांत त्यांनीं घोड्यापासून मिळालेली लस स्वतः वापरून पाहिली व इतरांसही पाठविली. हा वाद दोनशें वर्षांनीं कसा निवडला तें आम्ही पुढें सांगूं.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर एकीकडे गौरव व दुसरीकडे विरोध असे दोन्ही अनुभव त्यांस आले. लंडनांतील देवीच्या इस्पितळांत कांहीं डॉक्टरांनीं गाईची लस वापरली, परंतु तेथेंच खऱ्या देवीचे रोगी असल्यामुळें लशींत देवीची भेसळ झाली, आणि टोचलेल्यांच्या सर्वांगावर फोड उठले. लोकांनीं दोष जेन्नर यांस दिला. गाईची लस टोचल्यानें माणसास शिंगें फुटतील, असें दाखविणारीं थट्टेचीं चित्रें निघालीं. पशूचें द्रव्य माणसाच्या अंगांत घालणें हें अमंगळ होय, असें कित्येक धर्मोपदेशकांनीं सांगितलें, तर दुसऱ्या कित्येकांनीं स्वतः आपल्या मंडळींतील मुलांस टोचून दिलें. जेन्नर यांनीं घराच्या बागेंत एक लहान झोंपडी बांधिली होती, तेथें ते गोरगरिबांस फुकट टोचीत. ह्या रोगाचा पृथ्वीवरून समूळ नाश होणें हेंच ह्या उपायाचें अखेरचें फळ होईल, असें त्यांनीं सन १८०१ तच लिहून ठेविलें.

लस दूरदेशीं पोंचविणें हें त्या काळीं फार अवघड होतें, कारण उन्हाच्या तापानें तिचा गुण नाहींसा होई. स्पेनच्या राजानें सन १८०३ त एक जहाज अमेरिकेस पाठविलें, त्यांत २२ अनाथ मुलें बरोबर घेतलीं होतीं. एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर, असें करीत लस समुद्रापार जिवंत नेली. हिंदुस्थानाकडे ती खुष्कीनें आली. व्हिएन्ना येथील डॉक्टर द कारो यांनीं ती कांचांमध्यें बंद करून बगदादेस पाठविली. तेथून ती बसऱ्यास गेली, व बसऱ्याहून जहाजानें मुंबईस आली. ता. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचलें, आणि तिच्या हातावर फोड चांगला उठला. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें गाईची लस टोचलेलें पहिलें बालक तें हेंच. तिच्या दंडावरील लशीनें दुसरीं मुलें टोचलीं, आणि त्या एका बालिकेपासून निघालेली माळ पुढें पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास व सिंहलद्वीप येथपर्यंत पोंचली. ह्या देशांतील रहिवाशांनीं कृतज्ञतेनें वर्गणी गोळा करून सात हजार पौंडांहून अधिक रक्कम जेन्नर यांस पाठविली. इंग्लंडच्या पार्लमेंटानेंही त्यांस सन १८०२ त १०,००० व सन १८०७ त २०,००० पौंड दिले.

इतका मान मिळूनही त्यांनीं आपलें खेडें सोडिलें नाहीं. लंडनांत राहून त्यांस पुष्कळ द्रव्य मिळवितां आलें असतें. थोडा काळ त्यांनीं तसें करूनही पाहिलें, परंतु तें त्यांस मानवलें नाहीं. संसारांत त्यांस दुःखें थोडीं नव्हतीं. वडील मुलगा सन १८१० त व पत्नी सन १८१५ त क्षयानें वारली. ज्यानें लक्षावधि लोकांचीं मुलें राखिलीं त्यास आपलें स्वतःचें मूल राखतां आलें नाहीं, कारण त्या दुसऱ्या रोगावर तेव्हां कोणताच इलाज नव्हता. ता. २६ जानेवारी १८२३ रोजीं पक्षाघातानें त्यांचा अंत झाला, आणि बर्कले येथील ज्या देवळांत त्यांचे वडील उपासना चालवीत, तेथेंच त्यांस पुरण्यांत आलें.

जेन्नर यांचें सर्वच म्हणणें खरें ठरलें असें नाहीं. एकदां टोचलें म्हणजे जन्मभराची निश्चिति झाली असें ते समजत. पुढें अनुभवास आलें कीं कांहीं वर्षांनीं पुन्हां टोचावें लागतें. हातावरून हातावर लस नेतां नेतां कधीं कधीं दुसरे रोगही जात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जनावरांच्या कातडीवर वाढविण्याची रीत पडली. आपल्या देशांत ह्या कामासाठीं वासरें, रेडकें व मेंढ्या वापरीत, आणि मुंबई इलाख्यासाठीं बेळगांव येथें लस तयार करण्याची संस्था होती. ह्या लशीनें अखेर काम फत्ते केलें. हिंदुस्थानांत सन १९७५ च्या मे महिन्यांत देवीचा शेवटचा रोगी सांपडला. निसर्गतः झालेला जगांतील शेवटचा रोगी सन १९७७ त सोमालिया देशांत आढळला, आणि ता. ८ मे १९८० रोजीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य सभेनें जाहीर केलें. जेन्नर यांच्या त्या लिखाणास तेव्हां १७९ वर्षें झालीं होतीं.

आतां त्यांनीं आरंभिलेली जातवारी कोठवर आली तें पाहूं. हे रोग ज्यांच्यामुळें होतात त्या सूक्ष्म जीवांस विषाणु म्हणतात. ह्या कुळांतील प्रत्येक विषाणूच्या पोटांत एक लांब धागा असतो, व त्यावर चार प्रकारच्या अक्षरांनीं त्याचा सारा स्वभाव लिहिलेला असतो. देवीच्या विषाणूचीं अशीं अक्षरें सुमारें १ लाख ८६ हजार आहेत. जुन्या काळीं पोथ्या हातानें उतरून घेत, तेव्हां नक्कल करणाराच्या हातून कोठें अक्षर चुके, कोठें ओळ गळे. दोन पोथ्यांत तीच चूक सांपडली तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असें पंडित ताडतात. अगदीं त्याच रीतीनें शास्त्रज्ञ विषाणूंच्या धाग्यांवरील अक्षरें ताडून पाहतात, आणि कोणाचा भाऊबंद कोण हें ठरवितात. फोडाच्या रूपावरून जें कळत नाहीं तें अक्षरांवरून कळतें.

ह्या परीक्षेंत पुष्कळ नवल बाहेर आलें. माणसाची देवी, गाईची देवी, उंटाची देवी, आफ्रिकेंतील एमपॉक्स आणि टोचण्याची लस, हीं सारीं एका घराण्यांतील भावंडें आहेत. त्यांच्या धाग्यांचा मधला भाग जवळजवळ सारखा असतो, आणि फरक मुख्यत्वें दोन्ही टोंकांकडे असतो. म्हणूनच एकाची बाधा झाली असतां दुसऱ्यापासून रक्षण होतें. जेन्नर यांच्या यशाचें रहस्य हेंच. जी गाईची देवी म्हणून प्रसिद्ध आहे तिचें खरें घर गाईंत नसून युरोपांतील रानउंदरांत आहे, आणि तिच्या एका नांवाखालीं अनेक निरनिराळे वंश आहेत असें आतां आढळलें आहे. तिचा धागा सर्वांत लांब, म्हणून ती अनेक प्राण्यांस लागूं शकते. माणसाच्या देवीच्या धाग्यांतून पुष्कळ भाग गळून गेला आहे. ती माणसावांचून दुसऱ्या कोणांत टिकत नव्हती, आणि म्हणूनच तिचा समूळ नाश करतां आला. रानांत तिचें बिऱ्हाड असतें तर तें साधलें नसतें.

घोड्याचा वादही अक्षरांनींच निवडला. सन १९३९ त असें दिसून आलें होतें कीं टोचण्याची लस व गाईची देवी ह्या एक नव्हेत. मग लस आली कोठून? मंगोलिया देशांत सन १९७६ त घोड्यांस झालेल्या देवीचा विषाणु जपून ठेविला होता. त्याचीं अक्षरें वाचलीं, तों तो लशीचा सख्खा भाऊ निघाला. अमेरिकेंत सन १९०२ त तयार केलेल्या लशीची एक जुनी कुपी सांपडली. तिच्यांतील विषाणूचा मधला भाग घोड्याच्या देवीशीं शेंकडा ९९.७ जुळला, असें सन २०१७ त प्रसिद्ध झालें. तेव्हां घोड्याविषयीं जेन्नर यांची ज्यांनीं थट्टा केली, त्यांच्यापेक्षां सत्याच्या जवळ तेच होते.

आतां आमच्या वाचकांच्या गोठ्याची गोष्ट. म्हशींच्या सडांवर येणाऱ्या देवीचें वर्णन अखंड हिंदुस्थानांत प्रथम सन १९३४ त झालें. तिचा विषाणु तपासतां तो टोचण्याच्या लशीच्याच वंशांतला निघाला. रेडकांवर लस वाढवीत असतां, किंवा टोचलेल्या माणसाच्या हातांतून, ती म्हशींत शिरली असावी असें कित्येक शास्त्रज्ञांस वाटतें. सन २००९ त सोलापूर जिल्ह्यांतील २१ खेड्यांत १६६ व कोल्हापूर जिल्ह्यांतील १३ खेड्यांत १८५ माणसांस ताप व हातांवर फोड असा विकार झाल्याचें आढळलें. पुण्याच्या संशोधकांनीं फोडांतील द्रव्य तपासून तो म्हशीच्या देवीचा विषाणु असल्याचें सिद्ध केलें. आणि म्हशींत तर त्याबरोबर शेळ्यामेंढ्यांच्या तोंडावर येणाऱ्या मावा रोगाचा विषाणुही सांपडला. म्हणजे खरी व तिच्यासारखी दिसणारी अशा दोन जाती एकाच गोठ्यांत असूं शकतात, हें जेन्नर यांचें म्हणणें आपल्याच महाराष्ट्रांत दिसून आलें. देवीचें टोचणें बंद झाल्यापासून जन्मलेल्या पिढीस त्या लशीचें कवच नाहीं, म्हणून हे विकार पाहणें आतां अधिक अगत्याचें झालें आहे.

ह्या विद्येचा उपयोग कसा होतो याचें दुसरें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. सन २०२२ त महाराष्ट्रांत गुरांस लम्पी रोग आला, व अंगावरील गांठी पाहून लोक दूध ओतून देऊं लागले. परंतु लम्पीचा विषाणु हा शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या घराण्यांतील असून तो माणसांस लागत नाहीं. भाऊबंदकी ठाऊक होती म्हणूनच शेळ्यांच्या देवीची तयार लस गाईंस टोचून पुष्कळ गुरें वांचवितां आलीं. कोंबड्यांच्या देवी आणखी निराळ्या घराण्याच्या, त्याही माणसांस लागत नाहींत. आणि मुलांस येणाऱ्या कांजिण्या ह्या तर ह्या कुळांतल्याच नव्हेत.

म्हणून आमची वाचकांस, विशेषतः गांवोगांव फिरणाऱ्या उपदेशक बंधूंस, अशी विनंति आहे. जनावराच्या सडांवर फोड दिसले तर त्यास वेगळें बांधावें, त्याची धार सर्वांच्या शेवटीं काढावी, आणि धार काढण्यापूर्वीं व नंतर हात साबणानें स्वच्छ धुवावे. हातावर चीर किंवा जखम असेल तर त्या जनावराची धार दुसऱ्यानें काढावी. दूध उकळूनच प्यावें. माणसाच्या हातावर फोड उठला तर तो फोडूं नये, झांकून ठेवावा, व दवाखान्यांत दाखवावा. आपल्या गोठ्यांतील जनावरासही तसेच फोड आहेत हें डॉक्टरांस अवश्य सांगावें, आणि गुरांच्या डॉक्टरांस कळवावें. फोडास देवतेचा कोप म्हणून लपवूं नये, आणि भलतीच भीति घेऊन शेजाऱ्यास वाळींतही टाकूं नये. जेन्नर यांच्यापाशीं मोठें यंत्र नव्हतें, मोठें इस्पितळ नव्हतें. गवळणीचें बोलणें त्यांनीं लक्ष देऊन ऐकलें, तिचा हात नीट पाहिला, आणि जें पाहिलें तें खरें खरें लिहून ठेविलें. इतकें तर आपल्यापैकीं कोणासही करतां येईल.